जेट्टी वापरात आहे

बाकी : ४३

रेडिओच्या खोलीला दोन खिडक्या होत्या. एकीतून आचाओ गावाचा चौक आणि लाकडी चर्च दिसायचं, दुसरीतून जेट्टी आणि तिच्यापलीकडे समुद्रात पसरलेली बेटं. यास्ना ओयार्सो सकाळी अकराला आत शिरली ती जवळजवळ नाचतच. टोपी एकीकडे, कोट दुसरीकडे.

"तेयोकाका, आज एक वाजता तुमचा आवाज इंटरनेटवरून पार दक्षिणेला पुंता आरेनासपर्यंत जाणार! आपली तिकडे गेलेली सगळी माणसं ऐकणार!"

"त्या बिचाऱ्यांनी काय पाप केलंय?" तेयोकाका म्हणाले, आणि चुलीवरची किटली उतरवून त्यांनी माते नावाच्या कडू चहाच्या पेल्यात गरम पाणी ओतलं.

चाळीस वर्षं ते रोज दुपारी एकला नऊ बेटांना निरोप वाचून दाखवत होते. कुणाची आई दवाखान्यातून सुटली, कुणाची मेंढी सापडली, कुणाला बोट किती वाजता. निरोप ऐकला की बेटावरचा माणूस तिथल्या जेट्टीवरच्या जुन्या बिनतारी संचाचं बटण दोनदा दाबायचा. खाऱ्या हवेनं त्या संचांचे कान कधीच गेले होते; त्यांना ऐकू येत नसे, पण बोलता येई. इथे खोलीत कोपऱ्यातल्या संचातून टक-टक वाजायचं. पोचलं.

चार महिने खपून यास्नानं निरोपांसाठी नवा प्रोग्रॅम लिहिला होता. जुना आज सकाळीच बंद पडला. कायमचा. आणि नवा चढेना, कारण डिस्क गच्च भरलेली. मशीन नव्या बांधणीचं, पण जुन्या प्रोग्रॅमच्या हट्टापायी कुणीतरी त्यात जुन्या, परक्या बांधणीची पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे सुटे गठ्ठे, भरून ठेवली होती. त्रेचाळीस. आधी ती काढायची, मग परक्या बांधणीचं नावच मशीनच्या वहीतून खोडायचं, मग नवा प्रोग्रॅम. माइकचा आवाजही याच मशीनमधून जायचा, त्यामुळे एकच्या आत हे झालं नाही तर आज निरोप नाहीत.

आणि आज निरोप हवेच होते. सातवा तिचा स्वतःचा होता.

तेयोकाकांच्या वहीत तिनं स्वतःच्या हातानं लिहिला होता : *७. तेंकेलेन बेट, मारिसेल ओयार्सोसाठी. संध्याकाळी वादळ आहे, म्हणून बोट उद्या नाही, आजच तीनला. बॅग घेऊन ये. यास्ना.*

मारिसेल तिची धाकटी बहीण. नववा महिना. मंगळवारच्या वाऱ्यानं मोबाइलचा मनोरा पाडल्यापासून तेंकेलेनवर फोन नव्हता. भरती-ओहोटी अशी, की बोट तिथे दहा मिनिटं टेकणार आणि सुटणार.

"अगं, ती असेल तिथेच," खिडकीपाशी बसलेल्या ओतिलियामावशी म्हणाल्या. त्याही तेंकेलेनच्याच, तीनच्या बोटीनं परत जाणार होत्या, मांडीवर बटाट्यांची टोपली. "आमच्याकडे रेडिओ नीट लागतो तो जेट्टीवरच. पोटाचा एवढा नगारा घेऊन पोर सव्वाबारापासून तिथे उभी असते. लाल गमबूट घालून. मी म्हटलं, बाई गं, बस तरी. तर म्हणते, बसले तर उठवायला बैल लागतील."

यास्ना खळखळून हसली. मावशींनी टोपलीतून चिमुकला लोकरी मोजा काढला. "हा बघ. दुसरा बोटीत पुरा करते."

टेबलावर यास्नाच्याच अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. नवशिक्यांसाठी. *हो म्हणण्याआधी यादी वाचा.*

तिनं पहिला हुकूम दिला.

बाकी : १३

तीस पॅकेजेस पाऊण तासात. आवाजाची, अक्षरांची, चित्रांची. मशीन यादी दाखवून विचारी, काढू का? यास्ना यादी वाची आणि हो म्हणे. प्रत्येक खेपेला डिस्कवर थोडी जागा मोकळी होई आणि तिच्या अंगात कारंजं उडे. घर झाडताना शेवटच्या कोपऱ्याकडे जाता जाता येतो तो जोर.

उरलेल्या तेरांची नावं मात्र मजेशीर होती.

> घंटा-लहान
> घंटा-मोठी
> विहीर-जुनी
> पायवाट-चर्च

"काय ही नावं!" ती म्हणाली. "प्रोग्रॅम लिहिणारे वेडेच असतात, काका. मी एकदा एका पॅकेजला आमच्या मांजरीचं नाव दिलं होतं."

"मांजरीला विचारलं होतंस?"

बारा वाजायला दोन मिनिटं होती. तिनं दोन्ही घंटा काढल्या.

ओतिलियामावशींनी खिडकीची फट वाढवली, कान बाहेर केला. चौकातल्या चर्चचे ठोके झाले. त्या तशाच कान देऊन राहिल्या.

"काय हो मावशी?"

"आमची नाही वाजली. असा वारा असला की आमची बाराची घंटा इथवर येते."

"घंटा वाजवणारा झोपला असेल."

"घंटा वाजवणारा माझा नवरा आहे," मावशी म्हणाल्या. "झोपला असेल, ते खरंय."

तिघंही हसले. यास्नानं विहीर काढली, पायवाट काढली. एकेक यादी वाचायला आता वेळ नव्हता. तिनं हुकुमाच्या शेवटी एक अक्षर जोडलं, म्हणजे मशीन विचारत बसणार नाही, सगळ्याला हो. पडद्यावरून ओळी सरसर वर गेल्या. बटाटे असं काहीसं दिसलं. कुंपण दिसलं. मेंढ्यांपुढे एक आकडा होता.

"मावशी, मग घंटेचं काय करणार?" काकांनी चिडवलं. "नवऱ्याला घरात घेणार का आज?"

"कसली घंटा?" ओतिलियामावशींनी विचारलं.

चेहरा अगदी साधा. थट्टा करणाऱ्याचा नव्हे.

बाकी : ४

> घर-पिवळं
> घर-निळं
> घर-बिनरंगाचं
> जेट्टी

बारा वाजून पंचवीस. चुलीत लाकूड फुटलं. खोलीत भाजलेल्या मिल्काओचा, त्या बटाट्याच्या भाकरीचा वास भरला होता.

"तेंकेलेनला पिवळं घर कुणाचं, मावशी?" यास्नानं सहज विचारलं. का विचारलं ते तिला सांगता आलं नसतं. बोटं मात्र थांबली नव्हती.

"माझंच. समुद्राकडे दार. तुझी मारिसेल सासूपाशी, निळ्यात. का गं?"

यास्नानं उत्तर द्यायला मान वळवली. पडद्यावर एक ओळ वर सरकली.

खुर्ची रिकामी होती.

खुर्चीजवळ जमिनीवर बटाट्यांची टोपली होती, वर चिमुकला मोजा. खिडकीची फट तेवढीच उघडी. यास्ना क्षणभर बघत राहिली. आपण काहीतरी विचारत होतो. कुणाला?

"काका, ही टोपली कुणाची?"

तेयोकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "सकाळपासून आहे का? गेलं असेल कुणी विसरून."

"बटाटे छान आहेत."

"मग विसरलेलाच बरा तो माणूस."

ती हसली. हसू अर्ध्यावर अडकलं, मग सुटलं. दुसरी ओळ वर गेली. तिसरी.

बाकी : १

आता फक्त नाव खोडायचं. तिनं हात चोळले, हुकूम दिला.

> परकी बांधणी काढता येत नाही.
> एक पॅकेज अजून वापरात आहे : जेट्टी

"चिवट आहेस गं," ती पडद्याला म्हणाली, आणि तेवढं एक काढायचा वेगळा हुकूम दिला.

> काढता येत नाही.
> जेट्टी वापरात आहे.

"कोण वापरतंय?" तिनं मोठ्यानं विचारलं. आतला जुना प्रोग्रॅम सकाळीच मेला होता. चालू कामांची यादी काढली. त्यात या पॅकेजला धरून बसलेलं काहीच नव्हतं. पुन्हा हुकूम. पुन्हा तेच उत्तर.

पाऊण वाजला होता.

"पोरी, माझे निरोप," तेयोकाका म्हणाले. "एकोणीस आहेत. हा सातवा तुझ्या अक्षरात आहे, पण बेटाचं नावच घातलं नाहीस. कुठे पाठवू?"

तिनं वही ओढून घेतली. अक्षर तिचंच. *मारिसेल ओयार्सोसाठी. बोट आजच तीनला. बॅग घेऊन ये.* त्याच्याआधी एका शब्दाएवढी कोरी जागा.

मारिसेल. लाल गमबूट. बसले तर उठवायला बैल लागतील. हे कुणी सांगितलं होतं? बहीण आहे, हे ठाऊक होतं. नववा महिना, हेही. राहते कुठे, हे जिभेवर होतं आणि जिभेवर नव्हतं.

"तिकडे," तिनं खिडकीकडे हात केला. समुद्र होता. बेटं होती. हात कुठल्याच बेटावर ठरेना.

"तिकडे म्हणजे?"

"काका, तुम्ही नुसतं वाचा. ती ऐकेल. तिला कळेल. निरोप जायला हवा, बस्स."

निरोप जायला मशीन हवं होतं. मशीनला जागा हवी होती. उरली होती आठ मिनिटं.

तिनं सगळ्यात जोरकस हुकूम दिला.

बाकी : १

> सावधान. हे पॅकेज अत्यावश्यक आहे.
> ते काढल्यावर परत आणता येणार नाही.
> तरीही काढायचं असेल तर पुढचं वाक्य जसंच्या तसं लिहा :
> हो, मी सांगते तसंच करा!

अकरा वर्षांच्या कामात हे वाक्य तिच्यापुढे दोनदाच आलं होतं. दोन्ही वेळा तिनं हात मागे घेतला होता.

पडद्यातून नव्हे, कोपऱ्यातल्या बिनतारी संचातून आवाज आला.

टक-टक.

"अजून तर काही वाचलंच नाही," तेयोकाका म्हणाले. "घाई बघा लोकांची."

टक-टक.

"चार मिनिटं, यास्ना."

मारिसेल, ती मनात म्हणाली. थांब गं. आलाच निरोप.

*हो,*

तिनं लिहिलं.

*मी सांगते*

टक-टक टक-टक टक-टक.

*तसंच करा!*

बाकी : ०

झालं! मशीनच्या वहीतून परकी बांधणी खोडली गेली, डिस्क मोकळी, नवा प्रोग्रॅम एका दमात चढला. यास्नानं आरोळी ठोकली. चौकातल्या बाकावरच्या कुत्र्यानं मान वर केली.

"एक वाजायला एक मिनिट!" ती ओरडली. "काका, बसा! वाऱ्याचा आवाज येतोय माइकवर, थांबा." टोपलीतला कुणाचा तरी लोकरी मोजा तिनं उचलला आणि माइकच्या तोंडावर चढवला. अगदी बरोबर बसला.

"आठ बेटांना तेयोचा नमस्कार," तेयोकाकांनी सुरुवात केली. आवाज असा स्वच्छ, की यास्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिला निरोप. दुसरा. प्रत्येकानंतर टक-टक, आणि काका वहीत एक रेघ ओढत. सहावा वाचला. मधली एक ओळ कोरी होती; काका तिथे अडखळले नाहीत. आठवा. नववा. पुंता आरेनासहून कुणीतरी लिहिलं, ऐकू येतंय, सगळं ऐकू येतंय. यास्नानं ते बोट ठेवून काकांना दाखवलं.

दीडच्या आधीच संपलं. तिनं काकांना मिठी मारली.

"अठरा निरोप," काका म्हणाले. मग बोटानं रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. "रेघा एकोणीस."

"एक जास्त ओढली असेल."

"चाळीस वर्षांत नाही ओढली."

टक-टक, संच म्हणाला.

दोघांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

टक-टक. थोडं थांबून, टक-टक. आता घाई नव्हती. पाय दुखून आलेला माणूस एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतो, तेवढ्या अंतरानं.

बाहेर आचाओच्या जेट्टीवर तीनच्या बोटीचा मालक पायरीवर उभा होता. हातावर लिहिलेलं काहीतरी वाचायचा प्रयत्न करत होता. मग त्यानं हात पँटला पुसला.

"जुन्याचं काहीतरी राहिलंय आत," यास्ना आनंदात म्हणाली, आणि संचाचा आवाज बारीक केला. "उद्या तेही काढून टाकते."