सात नंबरची जागा

सकाळी साडेआठला जेन्सन वेल्स गावच्या परवाना कचेरीत त्रेचाळीस माणसं बसली होती, आणि प्रत्येकाच्या मनात उरलेल्या बेचाळीस जणांविषयी वाईट इच्छा होती. तोंडाने मात्र सगळे एकमेकांना शुभेच्छा देत होते. युटामध्ये लोक सभ्य असतात, आणि बाहेरून आलेलेही दोन दिवसांत तसे होतात.

भांडण होतं दगडासाठी. गावापासून तासाभरावर, वाळवंटाच्या पोटात, तांबड्या दगडाला अशा काही चुण्या पडल्या आहेत की कोणी इस्त्री करता करता मध्येच उठून गेलं असावं. ‘चुण्यां’चा फोटो जगभर गाजलाय. तिथे रोज फक्त दहा माणसं सोडतात. आदल्या दिवशी सकाळी अर्ज भरायचा, अर्जाला नंबर मिळतो, नऊ वाजता लोखंडी पिंजऱ्यात लाकडी गोट्या फिरवतात. ज्याची गोटी निघेल तो जाणार. बाकीच्यांनी समोरच्या हॉटेलात दालचिनीचा रोल खायचा आणि उद्या परत यायचं.

डेल्मर कुचेरा सतरा रोल खाऊन चुकला होता. आजचा अठरावा दिवस, आणि शेवटचा. शनिवारी नेब्रास्काला परतायचं होतं. सोमवारी त्याच्या बायकोच्या, मार्लिसच्या, गुडघ्याचं ऑपरेशन. त्यानंतर वाळूत दहा किलोमीटर चालायचं तिने विसरायचं, असं डॉक्टरने हसत हसत सांगितलं होतं. ‘चुण्या’ दोघांनी मिळून बघायच्या हे लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी ठरलं होतं. आता चाळिसावं चालू होतं.

डेल्मरने सगळी नोकरी धान्याच्या गोदामांचे वजनकाटे तपासण्यात घालवली होती. निवृत्त झाला तरी त्याचं मोजणं निवृत्त झालं नव्हतं. खिशातल्या वहीत तो रोजचे निकाल टिपून ठेवत असे, आणि सतरा दिवसांच्या नोंदींत एक गोष्ट त्याला छळत होती. सात नंबरची गोटी रोज निघत होती. कधी दुसरी, कधी चौथी, पण रोज.

चार दिवसांपूर्वी त्याने पहाटे येऊन रांगेत सातवा नंबर लावला होता. पुढच्या जर्मन मुलीला सहा मिळाला. त्याला आठ.

“सात?” त्याने विचारलं होतं.

“सात गेलाय,” लारू स्पेन्डलव्ह म्हणाली होती.

लारू टेबलामागे बसायची. साठीची, विणलेलं जाकीट, चष्म्याला साखळी. तिच्याशी वाद घालणं म्हणजे टपालपेटीशी वाद घालणं. डेल्मरने विषय बदलून भिंतीकडे बोट दाखवलं होतं. वाटेवर पाट्या नाहीत, म्हणून परवान्याबरोबर सहा फोटोंचा एक कागद देतात. हा दगड डावीकडे ठेवा, त्या सुळक्याकडे तोंड करा. त्याच कागदाची मोठी प्रत भिंतीवर होती. चौथ्या फोटोत एका प्रचंड खडकाच्या सावलीत निळ्या टोपीतला एक इवलासा माणूस बसला होता.

“हा कोण?”

“माप कळावं म्हणून,” लारू म्हणाली होती.

आज कुचेरांचा नंबर होता तेवीस. पिंजरा फिरला. पहिली गोटी एकतीस, चौघांचा गट. चौघं किंचाळून एकमेकांच्या गळ्यात पडले. दुसरी सात. “सात, एक जण,” लारू मान वर न करता म्हणाली आणि नोंदवहीत लिहिलं. कोणी वळून बघितलं नाही. हरणारा माणूस स्वतःच्या नंबराकडे बघतो, दुसऱ्याच्या नाही. तिसरी गोटी बारा, पुन्हा चौघं.

मग लारूने चौथी गोटी काढली आणि चष्मा नीट केला. “तेवीस.”

मार्लिसने डेल्मरचा हात असा दाबला की अंगठी रुतली.

“तुम्ही दोघं आहात,” लारू म्हणाली, “आणि जागा एकच उरलीय. एकाला जाता येईल. एक मिनिट आहे, ठरवा.”

हा नियम ज्याने केला तो बहुधा अविवाहित होता. या एका मिनिटात कचेरीने बरेच संसार बघितले होते. सगळी खोली माना वळवून बसली. एकाने तर कॉफी पिणंही थांबवलं.

“तू जा,” मार्लिस म्हणाली.

“तू जा.”

“डेल, मी एकटी कशाला जाऊ? फोटो काढायला?”

“मग मी एकटा गेलो तर तू मला जन्मभर बोलशील.”

“जन्मभर नाही. आता राहिलाय किती?”

त्यावर कोणीतरी खुदकन हसलं. डेल्मरचं लक्ष तिकडे नव्हतं. तो जिंकलेल्यांच्या रांगेकडे बघत होता. चार आणि चार. त्याने पुन्हा मोजलं.

“तिथे आठ जण आहेत,” तो म्हणाला. “नववा कुठाय?”

“सात नंबर,” लारू म्हणाली.

“तेच विचारतोय. तो कुठाय? भिंतीवर चौथा नियम लिहिलाय तुम्हीच. नंबर पुकारल्यावर जो हजर नसेल त्याचा हक्क गेला.”

लारूने पेन खाली ठेवलं. “साहेब, एकवीस वर्षं या खुर्चीत बसतेय. बऱ्याच वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.”

“मी विचारतोय.”

“त्याला राहू द्या. तुम्ही उद्या परत या.”

“उद्या निघाली तर परवाची जागा, आणि परवा आम्ही घरी निघतो. तुमच्याकडे नियम आहे की नाही?”

नियम होता. लारूने उसासा टाकला आणि सात नंबर तीनदा पुकारला, हळू आवाजात, झोपलेल्याला उठवायचं जिवावर आल्यासारखा. मागच्या रांगेत एक रिकामी लोखंडी खुर्ची कुरकुरली, माणूस उठल्यावर कुरकुरते तशी. जवळ बसलेल्या बाईने आपली पर्स उगाच मांडीवर घेतली.

“गेला,” लारू म्हणाली. “आता सातवर कोणाचं नाव लिहू? तुमचं, की यांचं?”

“माझं. जागा मी मागितली.”

“एकदा लिहिलं की मला खोडता येत नाही. नंतर कोणी मागितली तरच.”

“लिहा.”

तिने लिहिलं. सही करताना डेल्मरच्या लक्षात आलं की त्या ओळीवरचा कागद खोडून खोडून कांद्याच्या सालीसारखा पातळ झालाय. सरकारी कागद, असा विचार करून त्याने विषय मनातल्या मनात मिटवला. मार्लिसने त्याच्या गालाचा मुका घेतला. चाळीस वर्षांत तो पहिल्यांदाच एखादा वाद जिंकला होता, आणि तोही साक्षीदारांसमोर.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ते वाळूत होते. पाठीवरच्या पिशव्यांना परवान्याच्या चिठ्ठ्या बांधलेल्या, माणशी चार लिटर पाणी. मार्लिस काठी टेकत, गुडघ्याला शिव्या देत, पण हसत चालली होती. हिरवी टोपी घातलेला डेल्मर फोटोंचा कागद धरून वाट सांगत होता.

चौथ्या फोटोशी तो थांबला. खडक समोर होता, अगदी तोच. हातातल्या कागदावर मात्र खडकाखाली कोणी नव्हतं. नवीन छपाई असावी. खडकाच्या सावलीत कोणी बसून बसून वाळूत खळगा पडला होता, बऱ्याच दिवसांच्या वापरातला.

त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. “तू हो पुढे,” तो म्हणाला आणि खाली बसला. सावली थंडगार होती. तो दोन मिनिटं बसला असेल.

‘चुण्यां’पाशी त्याने मार्लिसला गाठलं. ती मधोमध उभी राहून रडत होती, आनंदाने, असं त्याने धरलं. त्याने “बघितलंस?” म्हटलं. ती काही बोलली नाही. त्याने हवामान, खडकाचे थर आणि परतीची वेळ यांवर मतं दिली. ती काही बोलली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात एवढ्यावरून कोणी शंका घेत नाही.

परत येताना गाडी तिनेच चालवली. शेजारच्या सीटवर तिने पिशवी ठेवली होती, म्हणून तो मागे बसला. हॉटेलात वाढणारीने एकच ताट आणलं. त्यालाही विशेष भूक नव्हती.

सकाळी मार्लिस चिठ्ठी परत द्यायला कचेरीत गेली. तो मागोमाग होताच.

“कशी झाली?” लारूने विचारलं.

“छान. एकटीच गेले, पण जमलं.” मार्लिस क्षणभर थांबली. “काहीतरी विसरल्यासारखं वाटतंय. गाडीत दोनदा बघितलं.”

डेल्मर हसला. तिचे विनोद नेहमी असेच कोरडे. लारू हसली नाही. तिने मार्लिसचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

मग मार्लिस बाहेर गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पेट्रोल भरायला गेली असेल. येईल.

खोली भरत होती. तो मागच्या रांगेत बसला. खुर्ची कुरकुरली.

पिंजरा फिरला.

“सात, एक जण.”

डेल्मरचा हात आपोआप वर गेला. बसल्या जागी, अर्ज न भरता. अठरा दिवस घासले तेव्हा कुठे नशिबाने रस्ता ओळखला होता.

कोणी वळून बघितलं नाही. फक्त पुढच्या रांगेतला एक चष्मेवाला म्हातारा, मांडीवर वही असलेला, काहीतरी मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने भिंतीकडे बोट केलं.

“ताई, त्या चौथ्या फोटोत हिरव्या टोपीवाला कोण आहे?”

“माप कळावं म्हणून,” लारू म्हणाली.

डेल्मरने डोक्यावरची टोपी काढून बघितली, पुन्हा घातली, आणि पुढे झुकून डोळे बारीक केले. फोटोतला माणूस खडकाला टेकून आरामात बसला होता. त्याच्या डाव्या बुटाची नाडी अजून सुटलेलीच होती.