शिंपीणबाईंचा डोळा

तो मोबाइल उलटा ठेवा आधी. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर झोपा जाऊन.

माझा साडू इस्पितळात आहे ना, कॅन्सरच्या गाठीवर किरण कुठून आणि किती सोडायचे ते कॉम्प्युटरवर आखतो, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे. गेल्या नोव्हेंबरची बारा तारीख, बुधवार. रात्री साडेनऊला इस्पितळातून फोनवर मेव्हणीला म्हणाला, "एक फाइल पाठवून आलोच, ताटं घे." ते ताट सकाळपर्यंत झाकलेलंच राहिलं.

सकाळी आठला एका शिंपीणबाईंचे किरण सुरू व्हायचे होते. गाठ नाकामागे, उजव्या डोळ्याला खेटून. डावा डोळा लहानपणीच गेलेला, म्हणजे सगळं पोट त्या एका डोळ्यावर. आणि कॉम्प्युटर काही ऐकेना! गाठ पूर्ण घेतली की डोळा लाल दाखवतो, म्हणजे डोळा जळणार. डोळा वाचवला की गाठ सुटते. इकडे आड, तिकडे विहीर. एकेका हिशेबाला वीस मिनिटं. साडूच्या नाकी नऊ आले.

त्यात वर्षापूर्वीचा एक वॉचमन आठवत होता. अशीच गाठ, हाच डोळा. "साहेब, अजून एकदा बघा ना," म्हणाला होता बिचारा. यानं बघितलं नाही. डोळा गेला, चार महिन्यांनी माणूसही गेला. किरण घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात, ज्याच्या त्याच्या मापाचा. वॉचमनचा मुखवटा साडूनं स्वतः कात्रीनं कापून कचऱ्यात टाकला होता.

पावणेबारा वाजले. साडू वैतागला. डोळ्यावर किती किरण पडू द्यायचे, ती मर्यादाच काढून टाकली. सगळं हिरवं. सेव्ह केलं.

मर्यादा परत आली.

पुन्हा काढली.

परत आली.

"काय कटकट आहे!" म्हणून माउस आपटला. हात मागे घेतला...

पडद्यावरचा बाण हलतच होता. हळू... उजव्या डोळ्यापाशी जाऊन थांबला.

"कोण आहे?"

दार बंद. आत कोणी नाही.

पळाला का विचारता? अरे, सकाळी आठला बाई यायच्या होत्या, पळणार कसा! बसला तसाच, आणि अजून एकदा बघितलं. हनुवटीखालून किरण, टाळूवरून किरण... पहाटे चारला गाठ पूर्ण आली आणि डोळाही राहिला.

बाई आजही सुईत दोरा ओवतात. मला राग कसला येतो सांगू? वॉचमनच्या वेळीही हे जमलं असतं. साडू स्वतःच म्हणतो, मान खाली घालून.

उजाडताना तो उठला. मागच्या खुर्चीत मुखवटा होता. वॉचमनचा.

अख्खा.

उजव्या डोळ्यापाशी जाळी... आतून ओली.