काळा दोरा

एकोणीसशे एकतीसच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या कोंबडीबाजारात मर सुरू झाली. गुरांच्या दवाखान्यातले गंगाधरपंत रोज सकाळी पाट्यांपाशी उकिडवे बसून, कोणती कोंबडी कुठून आली ते विचारत. पण रोग दिसायच्या आतच ती कोंबडी चार पाट्या फिरून आलेली असे. साऱ्या बाजारावर ओल्या पिसांचा आणि चुन्याचा वास बसला होता.

अंडी विकून पोट भरणाऱ्या शरणम्माने एक दिवस त्यांना हळूच बाजूला नेलं. ज्या कोंबडीच्या पायात काळा दोरा असतो ती तिसऱ्या दिवशी मरते, असं तिचं म्हणणं. पंतांना ते पटेना. दोरा असलेल्या सहा धडधाकट कोंबड्या त्यांनी निराळ्या कोंडल्या. चौथा दिवस एकीनेही पाहिला नाही.

मग दोरेवाल्या तेवढ्या शोधून त्यांनी मारून पुरून टाकल्या. पंधरवड्यात मर थांबली. शरणम्माचं खुराडं वाचलं.

त्या साऱ्या कोंबड्या करकंब गावच्या येडू कोंबडीवाल्याकडच्या. आजारी कोंबडी ओळखून खुणेचा दोरा तोच बांधत असणार; एवढी पारख असलेल्या माणसाला भेटावं म्हणून पंत मोटारीने करकंबला गेले. भर दुपार होती. खुराड्यात तीसेक कोंबड्या, पण आवाज एकीचाही नाही. येडूची बायको बजाबाई दारात ज्वारी निवडत बसली होती.

"ते पाडव्याच्या आदीच गेलं की," ती म्हणाली. "कोंबड्या मराय लागल्या, मागनं ह्यांची छाती भरली... तीन दिसांत संपलं."

"मग दोरे कोण बांधतं?"

"ठावं न्हाय, सायेब. राती खुराडं मीच लावती. सकाळी बांधल्यालं असत्यात. गाठ मातुर त्यांचीच... डाव्या हाताची."

पाणी आणायला ती उठली, तसा लुगड्याचा काठ सरकला. तिच्या घोट्याला काळा दोरा होता.

पंतांनी बोटानं दाखवलं. तिने वाकून दोरा चाचपला.

"काल नव्हता..."

तिला साधं पडसंही नव्हतं. तरी पंतांनी तिला त्याच गाडीत घातलं आणि सोलापूरच्या इस्पितळात आणलं. डॉक्टर छाती तपासून हसले, पण पंतांच्या शब्दाखातर त्यांनी तिला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ताप फणफणला, श्वास लागला. इलाज हाताशी होता म्हणून ती तगली. आठव्या दिवशी तिने आपण होऊन पेज मागितली.

त्या सकाळी दोरा तिच्या उशाशी पडलेला होता. तुटलेला नव्हता, कापलेला नव्हता. डाव्या हाताची गाठ तशीच घट्ट होती, आणि वेढा एवढा लहान की त्यातून बजाबाईचा अंगठासुद्धा जाईना.