परतओढ

चंद्रावरच्या शशिनगरात श्वाससुद्धा विकत घ्यावा लागायचा, तिथे नागरिकत्व फुकट कोण देणार? त्याची फी जमवायची तर कुंदाला काचघरातली पालेभाजी खुडत आणखी पंधरा वर्षं काढावी लागली असती. राहायच्या परवान्याची मुदत उरली होती तीन महिन्यांची. त्यानंतर तिला आणि चार वर्षांच्या रेवाला परतीच्या यानात बसवणार होते. रेवा जन्मली चंद्रावर. पृथ्वीवर तिचं वजन सहापट झालं असतं आणि ते तिच्या हृदयाला पेलणार नाही, असं डॉक्टरांनी लेखी दिलं होतं.

गरिबांसाठी फी-माफी होती. पण सरकारी औदार्य ते, अटीशिवाय कसं असेल! अर्जदाराच्या कानामागे एक चकती चिकटवत. माणसाच्या मनात कुठे जायचं आलं, की पाय उचलण्याच्या कितीतरी आधी त्याचा मेंदू निघायची तयारी करू लागतो. चकती पृथ्वीकडे निघायची तेवढी तयारी मोजायची. तिच्या आकड्याला म्हणत 'परतओढ'. ज्याची परतओढ शून्य, तो कायमचा इथला. त्याला फी माफ.

कुंदाचा आकडा दर रविवारी चढायचा.

"रविवारी काय करता?" चकतीचा शोध लावणाऱ्या डॉ. ताहेरा मुकादम यांनी विचारलं.

"आईला फोन. देवरुखला."

"ठेवताना काय म्हणता?"

"येते हं आई, म्हणते. म्हणून फसतंय होय तुमचं यंत्र! अहो मॅडम, ते नुसतं म्हणायचं असतं. 'जाते' कसं म्हणणार? अभद्र असतं ते."

"मी रत्नागिरीची, कुंदाताई. मीही 'येते'च म्हणते. माझा आकडा हलत नाही. यंत्र शब्द ऐकतच नाही." डॉक्टरांनी पडद्यावरचा रविवारचा आकडा दाखवला. "तुम्ही म्हणता तेव्हा खरोखर निघालेल्या असता."

कुंदाने पदराने डोळे पुसले. "मग काय करू?"

"'जाते' म्हणा. जीभ वळली की हळूहळू मनही वळतं."

पुढच्या रविवारी ती 'जाते' म्हणाली. चंद्रावरून बोललं की उत्तर यायला अडीच सेकंद लागत. तेवढ्यात तिचा जीव अर्धा झाला.

"असं बोलू नये गं," आई म्हणाली. "येते म्हणावं."

कुंदाने फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडली. खरं कारण आईला सांगायचं मनात आलं तरी जीव देवरुखला धावायचा आणि आकडा उसळायचा, म्हणून तेही सांगता येईना. "माझं काही चुकलं का?" असं आई दर वेळी विचारायची. कुंदा 'जाते' म्हणायची. रडणं हळूहळू कमी झालं. मग एका रविवारी आलंच नाही.

शेवटची चाचणी फोनवर बोलतानाच घेतली. कुंदा 'जाते' म्हणाली आणि पडद्यावर शून्य उमटलं. डॉ. मुकादमांनी अर्जावर शिक्का मारला. रेवा वाचली.

"झालं, कुंदाताई," डॉक्टर हलकेच म्हणाल्या. "आता काय हवं ते म्हणा."

फोन अजून चालू होता. कुंदाने तो घट्ट धरला.

"आई, येते हं!"

अडीच सेकंदांनी आईचा रडवेला, आनंदलेला आवाज आला, "ये गं बाई, ये!"

कुंदाने पडद्याकडे पाहिलं. आकडा शून्यावरून हलला नव्हता.