न उघडलेल्या खोक्यातलं इंजिन

"हात नका लावू! कुणीही हात लावू नका!" व्यवस्थापक इतक्या जोरात ओरडले, की ढब्बूच्या हातातलं बिस्कीट खाली पडलं.

काचेच्या कपाटातल्या काळ्या इंजिनाचं धुरांडं तुटून रुळांवर पडलं होतं. पोटाला ही लांब भेग! खेळण्यातल्या आगगाड्यांच्या त्या संग्रहालयात महिन्याभरात मोडलेलं हे सातवं इंजिन होतं.

"बाई, कपाटं तुम्ही पुसता, किल्ली तुमच्याकडे," व्यवस्थापक टिकलीच्या आत्याला म्हणाले. "पुसताना पाडायचं आणि गुपचूप परत ठेवायचं! उद्या अध्यक्षबाई येताहेत. त्यांच्या कानावर घालतो सगळं. परवापासून तुम्ही येऊ नका."

"अहो, अकरा वर्षं झाली मला इथे! एक डबासुद्धा पाडला नाही मी!"

पण ऐकतो कोण? टिकली आणि तिचा चुलतभाऊ ढब्बू सुट्टीसाठी आत्याकडे आले होते. आत्याचं आणि आजोबांचं घर तिच्या पगारावर चालायचं. आणि या गावात निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी या आगगाड्यांच्या कारखान्यात राबलेलं होतं. इंजिनं मोडणारी बाई म्हणून नाव झालं, तर तिला दारात कोण उभं करणार?

खुद्द आजोबांनी कारखान्यात चाळीस वर्षं इंजिनं ओतली होती. घरी हा प्रकार ऐकून त्यांनी ताट बाजूला सारलं. "पोरांनो, नसत्या भानगडीत पडू नका," एवढंच ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. टिकलीला त्यांचा भयंकर राग आला. पोटच्या मुलीवर आळ आलाय आणि हे मूग गिळून गप्प!

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं वही-पेन्सिल घेऊन संग्रहालयात हजर झाली. तिथे तीन कपाटं होती. पहिल्यात सगळ्यात जुन्या, पत्रा वाकवून केलेल्या, चावीच्या गाड्या. मधल्यात धातूच्या; त्या काळी साच्यात वितळलेलं जस्त ओतलं, की मिनिटाला एक इंजिन बाहेर पडायचं. तिसऱ्यात शेवटच्या, प्लास्टिकच्या. त्यानंतर कारखानाच बंद पडला.

"पत्र्याच्या गाड्या धडधाकट, प्लास्टिकच्याही," ढब्बू म्हणाला. "मोडल्यात त्या फक्त मधल्या!"

"त्यातही सगळ्या नाहीत. पाट्या वाच. सातही इंजिनं एकाच वर्षाची आहेत!"

"आत्याचं त्या वर्षाशी भांडण झालं असेल."

"गप रे! तिकडे बघ, वरच्या फळीवर."

वर एक लाल खोकं होतं. त्यावरची कारखान्याची कागदी पट्टी जशीच्या तशी चिकटलेली. आणि वर्ष तेच!

"उघडू या?" ढब्बूचे हात शिवशिवले.

"वेडा आहेस का? आपण उघडलं, तर आपणच मोडलं म्हणतील! उघडायचं त्यांनीच."

दुपारी अध्यक्षबाई आल्या. व्यवस्थापकांनी आत्याला आरोपीसारखं समोर उभं केलं आणि तक्रारींचा पाढा सुरू केला. ते श्वास घ्यायला थांबले, तशी टिकली मधे घुसली.

"सर, ते लाल खोकं कुणी कधी उघडलंय का हो?"

"छे! आमच्या संग्रहाची शान आहे ती! कारखान्यातून आलं तसं आहे."

"पण आत्या पुसत असेल ना ते?"

"तिला मी हात लावू देईन होय? माझ्याशिवाय त्याला कुणी शिवलेलं नाही!"

"नक्की?"

"अगदी नक्की!"

"मग जरा तिरकं करून बघा ना."

व्यवस्थापक हसले, शिडीवर चढले आणि त्यांनी खोकं तिरकं केलं. आतून डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला! त्यांचं हसू जागच्या जागी विरलं.

"उघडा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

पट्टी कापली. आत पत्र्याचे डबे लखलखीत होते आणि त्यांच्यामधे इंजिनाचे तुकडे. काहींचा तर बोट लावताच भुगा होत होता.

"म्हणजे... बाईंनी नाही," व्यवस्थापक पुटपुटले. "मग कुणी?"

"मी."

दारात आजोबा काठी टेकून उभे होते. त्यांना कुणीच बोलावलं नव्हतं.

"त्या वर्षी मागणी फार आणि जस्त कमी," ते म्हणाले. "डब्यांत वजनासाठी शिसं घालायचे. त्याचे तुकडे खाली पडायचे. वाया कशाला घालवायचं म्हणून आम्ही ते झाडून जस्ताच्या कढईत टाकले. मुकादम म्हणाला टाका, टाकणारे हात माझे. जस्तात चिमूटभर शिसं गेलं, तरी धातू आतून कुजतो. वर्षानुवर्षं काही दिसत नाही, मग फुगतो, फुटतो."

"किती इंजिनं ओतलीत अशी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"चाळीस हजार."

मग अध्यक्षबाई आत्याकडे वळल्या. "बाई, तुमची माफी मागते. आणि व्यवस्थापक, तुम्हीही मागा! पोरांनो, शाब्बास! आमचं कुणाचंच डोकं चाललं नाही, तुमचं चाललं."

पण आत्या आजोबांकडे बघत होती. "बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिलं मोडलं तेव्हाच."

"महिना झाला त्याला!"

"आयुष्यात दुसरं काय केलं मी, सांग? तेवढंच केलं होतं. तेही कुजकं निघालं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?" आजोबांनी टिकलीच्या डोक्यावर हात ठेवला. "मी करायचं ते तुम्ही केलंत, पोरांनो. शाब्बास."

या शाब्बासकीचा टिकलीला जरासुद्धा आनंद झाला नाही. तिला फक्त रडू आलं.

आत्या खाली वाकली आणि तुकडे गोळा करू लागली.

"बसा आता. उभे राहू नका," तुकडे गोळा झाल्यावर ती आजोबांना म्हणाली. आवाज रागावलेलाच होता, पण खुर्ची तिनेच पुढे ओढली.