अळी कुठंय?

पहिल्या रविवारी तिने कोबीचा गड्डा उलटसुलट करून पाहिला आणि कोबीवाल्याला विचारलं, "अळी कुठंय?"

सेंद्रिय भाजीच्या बाजारात अळी मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं. आपण जाळीखाली लागवड करतो, म्हणून अळी शिरत नाही, असं तो सांगत राहिला. पण ती कॉलेजात कीटक शिकवायची. अळीने नाकारलेला पाला तिच्या लेखी फवारलेलाच. ती रिकाम्या हाताने निघाली. जाताना त्याच्या गालावरच्या मातीकडे दोनदा पाहिलं… निव्वळ निरीक्षण म्हणून.

पुढच्या रविवारी त्याने गड्डा बाजूला काढून ठेवला होता. खास तिच्यासाठी.

घरी आईने वरचं पान सोडवलं. आत हिरवीगार, गुबगुबीत अळी, नव्या जावयासारखी अवघडून बसलेली. "हे तू पारखून आणलंस?" आई म्हणाली.

तिने भिंग लावलं. अळी कागदी लिंबाच्या झाडावरची होती. उपाशी मेली असती, पण कोबीला तोंड लावलं नसतं.

म्हणजे माणूस खोटा. तिला राग आला. एका कोबीवाल्याचा इतका राग यावा, याचा त्याहून जास्त आला.

बाजार उठायच्या आत तिने अळीची बरणी त्याच्या तराजूत ठेवली. शेजारची मधवाली मावशी त्याला म्हणाली, "सांग आता. लिंबाच्या काट्यांनी हात फाडून घेतलेस ते."

"कितीजणांना अशा अळ्या दिल्यात?" तिने विचारलं.

"एकीलाच." तो तराजूकडे बघत म्हणाला. "तुम्ही परत यावं म्हणून… कोबी खरा आहे. अळीही खरी आहे. पत्ता तेवढा खोटा."

तिला हसू आलं; ते तिने दाबलं. शेत दाखवा म्हणाली. आत्ताच, कारण अळी भुकेली आहे.

जाळी खरी निघाली. चारी कोपरे तिने स्वतः ओढून पाहिले. मग अळीला लिंबाच्या पानावर सोडून म्हणाली, "फुलपाखरू व्हायला पंधरा दिवस. मला पाहायला यावं लागेल."

"आणि नंतर?"

"झाडावर अजून किती अळ्या आहेत?"

शेकडो, असं त्याला सहज म्हणता आलं असतं. त्याने झाडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला.

"एकही नाही. होती ती तुम्हाला दिली."

"वाटलंच," ती म्हणाली आणि रुमालाने त्याच्या गालावरची माती पुसली. "मग नंतर तुमच्यासाठीच यावं लागणार."