दूर लोटायची शिशी

माह्या डोयाची आन घेऊन सांगतो बापूहो, यातला एकएक शब्द खरा हाय. खोटा निंघाला त माही जीभ झडो.

पातूरचा देवराव विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त कराचा. पाऊस रुसला, विहिरी आटल्या, जळालेली मोटार घेऊन कोनी येईना. रिकाम्या हातात शिशी आली. एक दिवस रक्त ओकला, तवा बायकोनं, सुभद्रानं, त्याले अकोल्याच्या दारू सोडवाच्या केंद्रात नेलं.

तिथल्या मॅडमनं मोबाईलात एक खेळ टाकून देल्ला. दारूचा फोटो दिसला का बोटानं दूर लोटाचा, तो लहान होत जाते. पान्याचा दिसला का जवळ ओढाचा, मोठा होते. रोज केलं का मन आपसूक शिशी लोटते म्हने. फोटो मातर घरच्याच शिशीचा पाहिजे.

घरातल्या शिश्या त सुभद्रानं कवाच फेकल्या होत्या. एक तेवढी ठेवली, जवसाचं तेल भरून. चांगली बुचाची शिशी कोन फेकते वो? तेच तिनं हातात धरली अन् देवरावनं फोटो काढला. शिशी, अन् बांगड्यांचा हात.

तो लोटत गेला. तलफ खरंच कमी झाली. पन फोटोत मनगट होतं तिथं कोपर दिसू लागलं. मंग खांदा. मंग उंबरठ्यात उभी अख्खी सुभद्रा. त्यानं मॅडमले दाखवलं. मॅडम हासली. "काका, हात दिसतोय. बाई कुठं आहे?"

घरी सुभद्रा चुलीपाशी बसून बोले, आवाज मातर आंगनातून आल्यावानी ये. मंग वावरातून आल्यावानी. तिनं ताट पुढं केलं, त त्याचा हात पोचेना.

त्यानं खेळ बंद केला. तलफ परत आली, पाय गुत्त्याकडं वळले. गुत्त्याच्या दारातून तो कसाबसा माघारी आला, चुलीसमोर बसला अन् मोबाईल काढला. भर दुपार. फोटोत लांबच लांब काळं वावर, अन् पार धुऱ्यावर, शेवटच्या बांधाले, टिकलीएवढी सुभद्रा.

समोर तिचे ओठ हालले. आवाज पोचायले येळ लागला.

"लोटा."

त्यानं लोटलं.

वावर राहिलं.

देवराव आजही दारूले शिवत नाही. केंद्रात नव्या मानसायले त्याचंच नाव सांगतात. जेवाले बसला का घास हातातच ठेवून कान देते. लय दुरून काहीतरी येते म्हने.

बरं, एक शब्द मी पदरचा घातला. 'लोटा' नोती म्हनली ते.

'ओढा' म्हनली होती.